ताण मनाचा की कामाच्या वाटणीचा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे वर्ष परिचारिका आणि सुईणी यांचे वर्ष म्हणून जाहीर केले होते. निमित्त फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मद्विशताब्दीचे होते. प्रत्यक्षात ते वर्ष कोरोनाच्या साथीचे ठरले. २२ मार्चच्या सायंकाळी देशभर टाळ्या-थाळ्या वाजल्या, ३ मे रोजी सैन्यदलांच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर पुष्पवृष्टी केली. गौरव झाला, तो योग्यही होता. मात्र ज्यांचा गौरव झाला त्यांनी त्या काळात कोणता ताण सोसला आणि तो स्त्रियांच्या वाट्याला अधिक का आला, याची चर्चा त्या मानाने थोडीच झाली.

साथीच्या आरंभी चीनमधील ३४ रुग्णालयांतील १,२५७ आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी करण्यात आली. त्यांपैकी निम्म्या जणांत नैराश्याची, ४४.६ टक्के जणांत चिंतेची आणि ३४ टक्के जणांत निद्रानाशाची लक्षणे आढळली. स्त्रिया, परिचारिका आणि रुग्णांची प्रत्यक्ष शुश्रूषा करणारे यांच्यात ही लक्षणे अधिक तीव्र होती. पुढे ३३ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा समावेश असलेल्या १३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यातही नैराश्य व चिंतेचे प्रमाण स्त्रियांत आणि परिचारिकांत अधिक दिसले.

‘बायका मुळातच हळव्या’ असा या निष्कर्षाचा सोपा अर्थ लावला जातो. तो स्वीकारण्यापूर्वी रुग्णालयात आणि घरात कोणते काम कोणाच्या वाट्याला येते, हे पाहायला हवे.

खाटेजवळ कोण, खुर्चीवर कोण?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या अहवालानुसार जगातील आरोग्य व सामाजिक सेवेच्या मनुष्यबळात सुमारे ७० टक्के स्त्रिया आहेत. वरिष्ठ पदांवर मात्र त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास आहे. डॉक्टर फेरी मारून जातो. औषध देणे, अंथरूण बदलणे, नातेवाइकांचा आक्रोश ऐकणे हे परिचारिकेकडे राहते. म्हणजे संसर्गाच्या निकट सर्वाधिक वेळ जिने राहायचे, तिला पाळ्या आखण्यात वा साहित्य मागवण्यात फारसा अधिकार नसतो. जबाबदारी मोठी आणि अधिकार थोडा, अशी स्थिती कोणाच्याही मनावर ताण आणते.

पीपीई किटचे उदाहरण बोलके आहे. ते एकदा चढवले की कित्येक तास पाणी पिता येत नसे, प्रसाधनगृहात जाता येत नसे. मासिक पाळीच्या दिवसांत ही अडचण दुप्पट होई. किट उतरवले तर ते वाया जाणार, म्हणून अनेकींनी कामावर येण्याआधीच पाणी पिणे टाळले. ही अडचण मांडायची कोणापुढे, हाही संकोच होताच.

घरची दुसरी पाळी

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९मधील वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात. पुरुषांपैकी मुळात थोडेच घरकाम करतात आणि जे करतात, ते सरासरी ९७ मिनिटे देतात. साथीत शाळा बंद झाल्या, मोलकरणी येईनाशा झाल्या, वृद्धांची काळजी वाढली. रुग्णालयातून परतलेला पुरुष वेगळ्या खोलीत राहिला, तर त्याचे ताट दारापर्यंत पोहोचत असे. आईच वेगळी राहिली, तर ताट वाढायचे कोणी? लेकराला जवळ घ्यावे की दूर ठेवावे, हा पेच तर कोणत्याही सुट्टीने सुटणारा नव्हता.

या वाटणीचे सर्वांत ठळक रूप म्हणजे आशा कार्यकर्त्या. २००५मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानातून उभी राहिलेली ही सुमारे दहा लाख स्त्रियांची फळी. गोव्यात ही योजना नव्हती. पण शेजारच्या सिंधुदुर्ग आणि बेळगाव जिल्ह्यांत घरोघरी जाऊन रुग्ण शोधणाऱ्या त्याच होत्या. त्यांची गणना ‘स्वयंसेविका’ अशी असल्यामुळे त्यांना वेतन नाही, कामागणिक मोबदला मिळतो. महाराष्ट्रातील आशांना ऐन साथीत, जून २०२१मध्ये, संप करावा लागला, तेव्हा मोबदल्यात वाढ मिळाली. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातील आशांचा सन्मान केला. सन्मान जागतिक झाला, तरी दर्जा स्वयंसेविकेचाच राहिला.

सेवा आणि सेवाशर्ती

परिचारिकेला आपण ‘सिस्टर’ म्हणतो. या हाकेत जिव्हाळा आहे, तशीच एक अपेक्षाही आहे: बहिणीने थकल्याचे सांगू नये. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. त्यांच्या त्यागापुढे आपण नतमस्तक होतो. परंतु त्याग हा व्यक्तीने स्वतः घेतलेला निर्णय असतो; नोकरीची अट म्हणून तो कोणावर लादता येत नाही.

याच चौकटीची झळ पुरुषांनाही बसते. पुरुषाने खचू नये, रडू नये, या शिकवणीमुळे डॉक्टर, वॉर्डबॉय, रुग्णवाहिकेचे चालक आपली घालमेल बोलून दाखवत नाहीत. त्यामुळे पाहणीत पुरुषांचा ताण कमी नोंदला जाण्याचीही शक्यता असते.

मग उपाय काय? समुपदेशन हवेच, मात्र मापाचे किट, विश्रांतीची खोली, स्वच्छ प्रसाधनगृह, आधी ठरलेल्या पाळ्या, पाळणाघर, वेळेवर वेतन आणि निर्णय घेणाऱ्या समित्यांत परिचारिकांना स्थान, यांतील एकाही गोष्टीची जागा समुपदेशन घेऊ शकत नाही. शिवाय घरातील पुरुषाने कामाचा निम्मा भार उचलावा, यासाठी शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

पुढची साथ केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा रुग्णाच्या खाटेजवळ उभ्या असलेल्या स्त्रीला पाणी पिण्याची उसंत मिळेल का, हे मात्र आजच्या व्यवस्थेवर ठरणार आहे.