कथानक, व्यक्तिरेखा व आशयसूत्र

कथात्म साहित्याचे तीन परस्परावलंबी घटक. शालेय साहित्याभ्यासात कथा, कादंबरी व नाटक ह्यांचे आकलन प्रामुख्याने त्यांच्या आधारे केले जाते. घटनांची कार्यकारणभावाने केलेली जुळणी म्हणजे कथानक. त्या घटना घडविणारी वा सोसणारी माणसे म्हणजे व्यक्तिरेखा आणि ह्या दोहोंतून सूचित होणारे जीवनविषयक आकलन म्हणजे आशयसूत्र होय.

ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या सहा घटकांत कथानकाला अग्रस्थान दिले. ई. एम. फॉर्स्टर ह्याने १९२७ मध्ये, केवळ कालक्रमाने सांगितलेली गोष्ट आणि कार्यकारणाने बांधलेले कथानक ह्यांतील भेद स्पष्ट केला. तसेच व्यक्तिरेखांचे एकपदरी व बहुपदरी असे दोन प्रकार मानले.

हिंगणघाट (जि. वर्धा) येथे जन्मलेले उद्धव शेळके (१९३०–९२) ह्यांची धग (१९६०) ही कादंबरी ह्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. कौतिक काबाडकष्ट करते आणि तिचा संसार ढासळत जातो, एवढे सांगणे ही हकीकत झाली. पती महादेव ह्याच्या कर्तृत्वहीनतेमुळे संसाराचा भार तिच्यावर कसा पडतो, हे दाखविले की कथानक उलगडू लागते. तिला ‘कष्टाळू’ हे विशेषण लावल्याने व्यक्तिरेखेचे आकलन पुरे होत नाही. संकटात ती काय ठरविते, मुलांविषयी कोणती आशा बाळगते आणि वऱ्हाडी बोलीत कशी व्यक्त होते, हे पाहावे लागते. दारिद्र्य हा ह्या कादंबरीचा विषय आहे. कष्ट आणि जिद्द असूनही माणूस परिस्थितीपुढे हरू शकतो, हे तिचे आशयसूत्र म्हणता येईल.

परीक्षेच्या सोयीसाठी हे घटक वेगवेगळे पाठ केले जातात आणि आशयसूत्राची जागा तयार तात्पर्य घेते. ‘कष्टाचे फळ मिळतेच’ हे तात्पर्य धग ह्या कादंबरीवर लादले, तर तिचा अर्थच उलटा होतो. शिवाय ज्या विद्यार्थ्याच्या घरी असे निष्फळ कष्ट रोजचे आहेत, त्याचा अनुभवही खोटा ठरविला जातो. म्हणून प्रथम घटनांना वळण देणारे प्रसंग शोधावेत, तेथे पात्राला कोणते मार्ग खुले होते ते पाहावे आणि मगच संहितेतील पुराव्यानिशी आशय मांडावा. एकाच कृतीची एकाहून अधिक आशयसूत्रे संभवतात. त्यांतील कोणते ग्राह्य, हे संहितेच्या आधारेच ठरते.