लेखांक 9 : टॉल्स्टॉयला न दिसलेली कचरागाडी

या लेखमालेत आज जिची पाळी होती, त्या फ्लॉरेन्स केलीला थांबावं लागणार. शिकागोची समाजसेविका जेन ॲडम्स पहाटे कचरागाडीच्या मागून फिरायची, हे गेल्या लेखात वाचून कणकवलीच्या एका वाचकांनी मला फोनवर मालवणीतच झाडलं, ‘‘त्या बायचा कवतिक पुरे, आमचे अप्पा खय गेले?’’ अप्पा म्हणजे अर्थातच अप्पासाहेब पटवर्धन, गोपुरी आश्रमाचे. तक्रार रास्त आहे, आणि मला निमित्तच हवं होतं.

आधी शिकागोचं उरलेलं. 1895 मध्ये बाईंनी वॉर्डातला कचरा उचलण्याचा ठेकाच मागितला. निविदा तांत्रिक कारण काढून फेटाळली गेली, पण त्यातून निघालेल्या बोभाट्यामुळे महापौरांनी त्यांना वॉर्डाचं कचरा-निरीक्षक नेमलं. मग सकाळी सहाला गाड्यांच्या मागे. ठेकेदाराला नवाच्या तेरा आणि तेराच्या सतरा गाड्या करायला लावल्या. तो रडायचा, दर गाडीमागे खोट येते, आधीचा निरीक्षक तर सातांवर भागवायचा! एका गल्लीत खरवडता खरवडता अठरा इंचांखाली फरसबंदी लागली. मेलेल्या जनावरांचा प्रकार याहून मासलेवाईक. ती उचलण्याचे पैसे घेणार ठेकेदार, उचलणार पोलिसांच्या गाड्या, आणि धडं जाणार इंडियानातल्या साबणाच्या कारखान्यात, चांगल्या भावाने. कारखान्याचा सर्वांत मोठा भागधारक कोण? तोच ठेकेदार. आपल्याकडच्या वाचकाला यात परकं काही वाटू नये.

आता अप्पांकडे जायचं, पण वाट रशियातून जाते. 1896 च्या उन्हाळ्यात ॲडम्सबाई टॉल्स्टॉयला भेटल्या. त्या काळच्या फॅशनप्रमाणे त्यांच्या झग्याला फुगीर बाह्या होत्या. म्हाताऱ्याने एक बाही चिमटीत धरून ओढली आणि म्हणाला, एवढ्या कापडात एका मुलीचा फ्रॉक होईल. पुढे विचारलं, तुमचं पोट कशावर चालतं? इलिनॉयमध्ये शेती आहे म्हटल्यावर, म्हणजे तुम्ही गावाबाहेर राहून खाणाऱ्या जमीनदारीण! बाई खजील झाल्या. परत गेल्यावर रोज दोन तास स्वतः पाव भाजायचा असा निश्चयही केला. पण त्यांच्या हल-हाउस या सेवाकेंद्राच्या दारात माणसं ताटकळत उभी आणि टेबलावर पत्रांचा ढीग. पावाचा बेत त्यांना तिथल्या तिथे हास्यास्पद वाटला आणि त्यांनी सोडला. मला त्या इथेच जास्त आवडतात. आदल्याच वर्षी ही बाई शिकागोची घाण उपसत होती. टॉल्स्टॉयला बाही दिसली, कचरागाडी दिसली नाही.

प्रत्येकाने अंग मोडून आपली भाकरी कमवावी, हा टॉल्स्टॉयने उचलून धरलेला विचार गांधींकडे आला, आश्रमाच्या व्रतांत शरीरश्रम म्हणून बसला, आणि तिथून रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तत्त्वज्ञान शिकलेल्या ब्राह्मणाने घेतला. गांधींची आत्मकथा आपण मराठीत वाचतो ती याच अप्पांच्या अनुवादात. शिरोड्याच्या 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहातही ते होते. पण त्यांचा खरा हट्ट 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात दिसला. तुरुंगातही मैला उचलण्याचं काम जातीवर वाटलेलं. अप्पांनी ते मागितलं, मिळालं नाही, म्हणून अन्न सोडलं. डिसेंबरात येरवड्याच्या तुरुंगातून गांधींनीही त्यांच्यासाठी उपवास धरला, तेव्हा सरकार हललं.

इथे काही वाचक भुवया उंचावतील, आणि उंचावाव्यातच. ज्याला हे काम जन्माने चिकटलं, त्याला त्यात व्रत दिसत नाही. भंगीकामाला पवित्र म्हणण्यावर डॉ. आंबेडकरांनी घेतलेला आक्षेप मला बिनतोड वाटतो. मैल्याची पाटी डोक्यावर घेणारा ब्राह्मण ती हवी तेव्हा खाली ठेवू शकतो.

अप्पा मोठे वाटतात ते पाटी उचलली म्हणून नव्हे, ती कोणालाच उचलावी लागू नये यासाठी ते संडासाच्या मागे लागले म्हणून. 1948 मध्ये कणकवलीजवळ गोपुरी उभी राहिली. तिथे मेलेल्या गुरांची कातडी सोडवून कमावण्याचं काम चाललं. आणि संडासाचे प्रयोग. युक्ती साधी: मैल्यावर दर वेळी माती, राख, पालापाचोळा टाकायचा, हवा खेळती राहील असा तो मुरू द्यायचा, महिने गेले की काळं, भुसभुशीत, वास नसलेलं सोनखत निघतं आणि ते माडांच्या बुडाशी जातं. टोपलीचा संडास असला की रोज कोणाला तरी मागच्या दाराने यावंच लागतं. इथे तो येणाराच उरत नाही. किनारपट्टीवर याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. मालवणच्या पुळणीत आषाढात विहिरीचं पाणी वाकून कळशी भरावी इतकं वर येतं, तिथे खोल शोषखड्डा खणणं म्हणजे आपलंच पाणी नासवणं. आजही विहिरीपासून दहा पावलांवर शोषखड्डा खणून वर टाइल्स लावणारे बंगले आपल्याकडे बांधले जातात. अप्पांनी त्यांच्या मालकांना काय सुनावलं असतं, ते ऐकायला मी पैसे मोजले असते.

शिकागोच्या बाईंना नगरपालिका होती, करदाते होते, दटावायला ठेकेदार होता. आमच्याकडे ठेकेदाराच्या जागी जात होती. तिला निविदा भरावी लागत नाही आणि तिची मुदतही संपत नाही. म्हणून ॲडम्सना गाड्या वाढवून काम भागवता आलं, अप्पांना मात्र गाडीच नाहीशी करण्याची रचना शोधावी लागली.

केलीबाई पुढच्या आठवड्यात नक्की. सोबत 1893 चा इलिनॉयचा कारखाने कायदा येईल. तो जरा किचकट आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.