झिलईचा हिशेब

‘डिटेलिंग’ हा शब्द आता आपल्या शहरांतल्या दुकानांच्या पाट्यांवर रुळला आहे. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात हमरस्त्यालगतच्या काचेच्या दालनात, पांढऱ्याशुभ्र दिव्यांखाली एखादी मोटार दोन-दोन दिवस उभी असते आणि तिच्याभोवती दोघे-तिघे वाकून काहीतरी करत असतात. पलीकडच्या गल्लीतल्या वॉशिंग सेंटरवर रॅम्पवर चढवलेली दुसरी मोटार अर्ध्या-पाऊण तासात धुऊन बाहेर पडते. एकीकडे बिल हजारांत, दुसरीकडे शेकड्यांत. दोन्हीकडून गाडी चकाकतच बाहेर येते. मग एवढा फरक कशाचा?

शोध शब्दापासूनच सुरू करू. इंग्रजीतला ‘डिटेल’ ज्या फ्रेंच क्रियापदावरून आला त्याचा अर्थ तुकडे करणे. आपला ‘तपशील’ अरबी ‘तफ्सील’वरून आला आणि त्याच्या मूळ धातूचा अर्थ वेगळे करणे, ‘फैसला’ हा शब्दही त्याच धातूचा. दोन्ही शब्दांच्या मुळाशी अलग करण्याची क्रिया आहे आणि या व्यवसायाचे मर्मही तेच आहे. पृष्ठभागावर बाहेरून येऊन बसलेले काय आणि पृष्ठभागाची स्वतःची झीज कोणती, हे वेगळे ओळखणे म्हणजे डिटेलिंग. धुण्याचा संबंध फक्त पहिल्याशी येतो. दुसऱ्याला हात लावायचा तर गाडीचा रंगच थोडा खर्ची घालावा लागतो, आणि हा खर्च बिलात कुठे लिहिलेला नसतो.

केसाएवढ्या जाडीचे चार थर

आजच्या मोटारीच्या पत्र्यावर आधी गंजरोधक लेप असतो, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक ‘क्लिअर कोट’. या सगळ्यांची मिळून जाडी साधारणपणे १०० ते १४० मायक्रॉन भरते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे चारही थर मिळून दोन केसांएवढे. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. आपण ज्याला गाडीची चकाकी म्हणतो ती या अर्ध्या केसाएवढ्या थरात असते. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवण्याचे कामही तोच करतो.

पूर्वी असे नव्हते. मोटारी प्रथम घोडागाड्यांसारख्या व्हार्निशने रंगवल्या जात आणि ते वाळायला आठवडे लागत. फोर्डची ‘मॉडेल टी’ १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगात निघाली, ती घाऊक उत्पादनाच्या सोयीसाठी. डेट्रॉइटमध्ये ‘ऑटोमोबाइल लाँड्री’ नावाने निघालेले, मोटार धुण्याचे आद्य मानले जाणारे केंद्रही १९१४चेच. तिथे माणसे गाडी हातांनी पुढे ढकलत आणि एकेक जण एकेक काम करी. पुढे ड्यूपाँ कंपनीचे ‘ड्यूको’ हे नायट्रोसेल्युलोज लॅकर १९२३मध्ये जनरल मोटर्सच्या ‘ओकलंड’ गाड्यांवर आले. ते काही तासांत वाळे, पण त्याला चकाकी आणायची तर घासून पॉलिश करावे लागे. रंग घासून उजळण्याची सवय मोटारीला तेव्हापासून जडली.

आपल्याकडच्या जुन्या पद्मिनी-अँबेसेडर ज्यांनी हाताने पॉलिश केल्या असतील त्यांना आठवेल की कपड्याला गाडीचा रंग लागे. रंग खर्ची पडतो आहे हे डोळ्यांना दिसत होते. १९८०च्या दशकापासून क्लिअर कोट सार्वत्रिक होत गेला आणि हा पुरावा नाहीसा झाला. पारदर्शक थर झिजतो तेव्हा कपडा पांढराच राहतो.

सूर्याभोवतीची कोळिष्टके

गडद रंगाची, रोज पुसली जाणारी गाडी उन्हात उभी करून पाहा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे दिसतात. पुष्कळांना वाटते, पुसणाऱ्याने गोल-गोल हात फिरवला म्हणून ही उमटली. तसे नाही. ओरखडे सर्व दिशांनी गेलेले असतात. त्यांपैकी जे प्रकाशाच्या येण्याच्या दिशेला आडवे असतात तेवढेच चमकून डोळ्यांपर्यंत पोहोचतात, आणि असे सगळे तुकडे मिळून दिव्याभोवती वर्तुळाचा भास होतो. घासलेले स्टीलचे ताट दिव्याखाली धरून हलवले तर वर्तुळेही दिव्याच्या मागोमाग सरकतात. ताटावर वर्तुळे कोरलेली नसतात, तशीच ती गाडीवरही नसतात.

हे ओरखडे येतात धुण्या-पुसण्यातूनच. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि क्लिअर कोट हा शेवटी प्लास्टिकच्या कुळातला. कोरड्या गाडीवरून फडके फिरले की प्रत्येक कण नांगराच्या फाळासारखा चालतो. एकाच बादलीत तेच फडके पुन्हा पुन्हा बुडवले तर आधी काढलेली माती पुन्हा रंगावर चढते. झटपट धुणाऱ्या केंद्रांत चाके पुसलेलाच स्पंज पुढे बॉनेटवर आला की ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कणही त्यात सामील होतात.

म्हणून काळजीपूर्वक धुण्याची रीत वेगळी असते. आधी नुसत्या पाण्याने आणि फेसाने सैल माती वाहून घालवायची. मग दोन बादल्या घ्यायच्या, एकीत शाम्पू आणि दुसरीत हात धुण्याचे साधे पाणी. वरून खाली यायचे, चाकांचे कापड निराळे ठेवायचे आणि शेवटी मऊ मायक्रोफायबरने पाणी टिपायचे. यात महागडे यंत्र कुठेच नाही.

काढणे आणि चढवणे

डिटेलिंग खऱ्या अर्थाने इथून पुढे सुरू होते. स्वच्छ धुतलेल्या बॉनेटवरून हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून हात फिरवावा. कणीदार लागले तर रंगात काहीतरी रुतून बसले आहे. हे बहुधा लोखंडाचे सूक्ष्म कण असतात. त्यांच्यासाठी थायोग्लायकोलेट असलेले द्रावण फवारतात. लोखंडाशी संयोग होताच ते जांभळे होऊन ओघळू लागते. उरलेले कण जपानमध्ये विकसित झालेल्या ‘क्ले’ने, म्हणजे मळलेल्या कणकेसारख्या चिकट गोळ्याने उचलले जातात. इथपर्यंत काढले ते परके होते.

यानंतर पॉलिश. ओरखडा म्हणजे खाच, आणि खाच पुसता येत नाही. तिच्या आजूबाजूचा पृष्ठभाग खाचेच्या तळापर्यंत खाली आणला तरच ती जाते. फिरत्या गादीवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण असलेले कम्पाउंड लावून हेच केले जाते. आपल्याकडे शस्त्रांना धार आणि झिलई देणाऱ्यांना शिकलगार म्हणत. पात्याला पाणी चढते तेव्हा थोडे पोलाद उतरते, हे त्याला सांगावे लागत नसे. गाडीच्या बाबतीत एका वेळच्या पॉलिशमध्ये क्लिअर कोटचा एक-दोन मायक्रॉनपासून चार-पाच मायक्रॉनपर्यंतचा थर जातो. वरच्या काही मायक्रॉनमध्येच अतिनील-रोधक द्रव्याची मदार असल्याने पन्नासपैकी पन्नास मायक्रॉन खर्चायला मिळत नाहीत. थर फार पातळ झाला की काही उन्हाळ्यांनंतर तो पांढरट होऊन पोपडे धरतो. त्यावर पॉलिश चालत नाही. फक्त नवा रंग.

म्हणून जाणता कारागीर आधी जाडी मोजतो. मोजण्याचे उपकरण लोखंडी पत्र्यावर चुंबकीय तत्त्वाने चालते आणि पत्र्यापासून वरपर्यंतची एकूण जाडी दाखवते. त्यातला क्लिअर कोट किती, हे सांगत नाही. प्लास्टिकच्या बंपरवर तर ते चालतच नाही. एखाद्या दारावर आकडा एकाएकी २५०-३००च्या घरात गेला तर ते दार पूर्वी पुन्हा रंगवलेले आहे असे समजावे. जुनी गाडी घेणाऱ्यांनाही हे ठाऊक असलेले बरे.

या कामात फसवणुकीलाही जागा आहे. काही पॉलिशांतली तेले खाचा तात्पुरत्या बुजवतात. गाडी दालनातून निघते तेव्हा आरशासारखी असते आणि दोन-चार धुण्यांनंतर कोळिष्टके परततात. खाच गेली की बुजली, हे पाहायचे तर पॉलिशनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून दिव्याखाली पाहावे. प्रामाणिक कारागीर हे गिऱ्हाइकासमोर करतो.

अळवावरचे पाणी

काढण्यानंतर चढवणे येते. जुना मार्ग मेणाचा. ब्राझीलच्या ईशान्येकडील कोरड्या प्रदेशात एक ताड आपल्या पानांतले पाणी उडू नये म्हणून त्यांवर मेण धरतो. तेच हे कार्नौबा, गोळ्या-चॉकलेटांना चकाकी देणारे. गाडीवर ते काही आठवडे किंवा फार तर काही महिने टिकते.

नवा मार्ग ‘सिरॅमिक कोटिंग’चा. सिलिकायुक्त द्रव रंगावर पसरून साधारण एखाद्या मायक्रॉनचा थर जमतो. जाहिरातीत ‘९एच’ हा आकडा हटकून असतो आणि वाचणाऱ्याला हिऱ्याच्या जवळपासचे काही वाटते. खनिजांच्या मोह्स मापनात हिरा १० वर आहे, हे शाळेत शिकलेले असते ना! पण इथला ‘एच’ पेन्सिलीचा आहे. रंगाच्या थरावर वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली ओढून पाहण्याची एक चाचणी असते. तिच्यातल्या सर्वांत कठीण, ९एच पेन्सिलीने ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्रॅफाइट आणि माती. रस्त्यावरची वाळू पेन्सिल नव्हे.

दुसरे आकर्षण पाण्याच्या मोत्यांचे. अळूच्या पानावर सूक्ष्म उंचवटे आणि मेण असल्याने पाण्याचा थेंब १५०हून अधिक अंशांचा कोन करून जवळजवळ गोल उभा राहतो. गुळगुळीत कोटिंगवर हा कोन १००-११० अंशांच्या आसपास असतो. त्यामुळे मळ कमी चिकटतो आणि धुणे सोपे होते, हा फायदा खरा आहे. पण बोअरच्या जड पाण्याचे थेंब तसेच उन्हात वाळू दिले तर प्रत्येक मोती क्षारांचा एक पांढरा वळसा मागे ठेवतो. कोटिंग केले म्हणून पुसणे सुटत नाही. आणि कोटिंगखाली राहिलेले ओरखडे तसेच दिसत राहतात. म्हणून आधी पॉलिश, म्हणजे पुन्हा तोच खर्च.

पाणी आणि हात

आतली सफाई, म्हणजे गाद्या, एसीच्या जाळ्या, दारांच्या फटी, यांत कौशल्यापेक्षा चिकाटी अधिक लागते. एकच सांगण्याजोगे: स्टिअरिंगवर किंवा पेडलवर चकाकीचे द्रव्य लावू देऊ नये. ऐन वेळी पाय घसरतो.

पाण्याचा प्रश्न मात्र मोठा आहे. नळीतून मिनिटाला १५ लिटर पाणी येते असे धरले तर दहा मिनिटांच्या धुण्यात १५० लिटर जातात; दोन बादल्यांत तेच काम तीस-चाळीस लिटरांत होते. २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे आपण पाहिले आहे. मार्च २०२४मध्ये बंगळुरूत पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास बंदी आली आणि ५,००० रुपये दंड ठरला. दोन बादल्यांची शिस्त इथे रंग आणि पाणी दोन्ही वाचवते.

आणि शेवटी हात. आपल्या सोसायट्यांत पहाटे एक माणूस एका बादलीत, एका फडक्याने ओळीने आठ-दहा गाड्या पुसून जातो. महिन्याला गाडीमागे काही शे रुपये त्याच्या हाती पडतात. त्याच फडक्याने वर्षभर उमटलेली कोळिष्टके घालवायला मालक पुढे हजारो रुपये देतो, शिवाय न मिळणारे दोन-चार मायक्रॉनही. दोष त्या माणसाचा नाही. तेवढ्या वेळात आणि तेवढ्या पाण्यात दुसरे काही होणे शक्यच नसते.

गाडी रोज पुसायची गरज नसते. आठवड्यातून एकदा नीट धुतलेली, पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी ओल्या कापडाने उचललेली, दसऱ्याला हाराची तार रंगावर घासू न दिलेली आणि ओले हळदकुंकू संध्याकाळीच धुऊन काढलेली गाडी वर्षानुवर्षे पॉलिशवाचून राहू शकते. पहाटेच्या त्या माणसाला चार मायक्रोफायबरची फडकी आणि दुसरी बादली घेऊन द्यावी, रोजच्याऐवजी आठवड्यातून एकदा नीट धुवायला सांगावे आणि महिन्याचे पैसे तेवढेच, जमल्यास थोडे अधिक द्यावेत. डिटेलिंगच्या दालनात नंतर मोजाव्या लागणाऱ्या रकमेपुढे हा खर्च किरकोळ आहे.