मनगट वळलं की बॅटरी उतरते
मुलांनी हौसेने आईला स्मार्टवॉच घेऊन दिलं, पण संध्याकाळीच ते बंद पडतं. का? भाकरी थापताना, धुणं पिळताना मनगट वळतं. घड्याळातल्या सेन्सरला वाटतं, वेळ बघायची आहे. तो स्क्रीन पेटवतो. स्क्रीन भरपूर वीज खाते.

सेटिंगमध्ये जाऊन मनगट उचलल्यावर स्क्रीन पेटण्याची सोय बंद करा. वेळ बटण दाबून बघा. नाडीची मोजणी चालू ठेवली असेल, तर ती स्क्रीन बंद असतानाही होत राहते. रात्री डोळ्यांवर उजेडही येत नाही.

मात्र छातीत दुखलं, दम लागला, तर घड्याळातला आकडा चांगला दिसतो म्हणून थांबू नका. लगेच १०८ ला फोन करा.