पवित्रा

दौंड–मनमाड लोहमार्गाने श्रीरामपुरास येणाऱ्या नवख्या प्रवाशाला स्थानकाच्या पाटीवर ‘बेलापूर’ हे नाव वाचून आपण भलत्याच ठिकाणी उतरलो की काय, अशी क्षणभर शंका येते. नाव एकाचे आणि वहिवाट दुसऱ्याची, असा तो प्रकार आहे. त्याची आठवण मला परवा गावातल्या एका मैदानावर झाली, कारण तेथे ‘मर्दानी खेळ’ या नावाखाली जे चालले होते त्यात पुरुष म्हणावा असा एकटा म्हातारा वस्ताद होता, आणि बाकी साऱ्या, टिळकनगर, पढेगाव अशा बाजूंनी उसाच्या फडांमधल्या रस्त्यांवरून सायकलीने येणाऱ्या, शाळकरी मुली होत्या.

वस्तादांनी एका मुलीच्या हाती काठी दिली, दुसरी आपण घेतली, आणि वार करण्यासाठी हात उचलला मात्र; मुलीचे डोळे त्या काठीच्या टोकावर खिळले आणि पाय जागीच रुतले. ‘‘काठीकडं काय बघती, पोरी? काठी आंधळी असती. खांद्याकडं बघ. अन् आधी पाय हलव.’’ पुढचा अर्धा तास त्यांनी मुलींच्या हातून काठ्या काढून घेतल्या आणि त्यांना नुसते पाय टाकायला लावले: एक पाय तिरपा पुढे, गुडघा किंचित वाकलेला, भार दोन्ही पावलांवर, मग अर्धे वळण, पुन्हा तेच. मुली कंटाळल्या, काठी फिरवायला मिळेल म्हणून त्या आल्या होत्या.

या पाय टाकण्यालाच ‘पवित्रा’ म्हणतात. वर्तमानपत्रांतील पुढाऱ्यांनी रोज उठून ‘आक्रमक पवित्रा’ घेतल्यामुळे या शब्दाची रया गेली असली, तरी तो मूळचा आखाड्यातला आहे. आणि आजच्या स्वसंरक्षणाच्या शिक्षणाला जुन्या युद्धविद्येकडून खरोखर काही वारसा मिळाला असेल, तर तो हातातल्या शस्त्रात नसून या पायांत आहे, असे माझे मत झाले आहे.

तसे होण्याला इतिहासही कारण आहे. 1818मध्ये पेशवाई बुडाली, पुढे 1878च्या शस्त्रकायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणे हा गुन्हा ठरला, आणि पट्टा, विटा, भाला ही रणांगणावरची साधने हळूहळू मिरवणुकीत आली. मिरवणुकीत प्रतिस्पर्धी नसतो, प्रेक्षक असतो. त्यामुळे माणसाच्या पोटावरचा बटाटा किंवा लिंबू कापण्यासारखी डोळ्यांचे पारणे फेडणारी कसबे वाढली, आणि चामड्याने मढवलेला गदका व फरी घेऊन समोरच्याशी खरोखर झुंजण्याचा सराव मागे पडला. दांडपट्टा 2024 साली महाराष्ट्राचे राज्यशस्त्र झाला, हा त्याचा यथोचित गौरव आहे, परंतु एस. टी. स्थानकाबाहेर कोणी मनगट धरले असता पट्टा उपयोगाचा नाही, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही.

तरीही पट्ट्याची रचना एकदा नीट पाहण्यासारखी आहे. त्याच्या मुठीवर लोखंडी खोबळा असतो आणि तो कोपरापर्यंतचा हात झाकून टाकतो, त्यामुळे मनगट जखडले जाते आणि तलवारीसारखा मनगटाच्या झटक्याने वार करण्याची सोयच राहत नाही. लवचिक पाते फिरवायचे तर बळ खांद्यातून, कमरेतून आणि अंती पावलांतून आणावे लागते. जिचे हात बारीक आहेत अशा मुलीला नेमके हेच शिकायचे असते. कोणी मनगट घट्ट धरले की ती हात मागे ओढते, आणि तिथेच फसते, कारण चार बोटांशी तिची ताकद पुरी पडत नाही. पकडीचा दुबळा भाग म्हणजे अंगठा आणि बोटे यांमधली फट. मनगटाची अरुंद कड त्या फटीसमोर आणून, कोपर वाकवून, एक पाऊल पुढे टाकत कमरेसकट वळले की हात सुटतो. जपानी जुजुत्सूतही हेच आहे, कारण मानवी हाताची घडण सर्व मुलखांत सारखीच आहे.

जपानचे उदाहरण आणखी एका कारणाने घ्यावे लागते. जिगोरो कानो यांनी 1882मध्ये कोदोकान ही संस्था स्थापली तेव्हा जुन्या जुजुत्सूतील घातक डाव नेहमीच्या झुंजीतून वगळले आणि जे डाव पूर्ण जोर लावून, विरोध करणाऱ्या जोडीदारावर, रोज करता येतील ते ठेवले. त्यांतून ज्यूदो निर्माण झाला. आपल्याकडेही व्यवस्थित मांडणीचे प्रयत्न थोडे झाले नाहीत: बडोद्यात माणिकरावांनी जुम्मादादांच्या तालमीचा वारसा चालवून सांघिक कवायतीला शिस्त आणली, 1914मध्ये अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले, आणि करंदीकर-मुजुमदार यांच्या दहा खंडांच्या व्यायामज्ञानकोशात सशस्त्र माणसाशी निःशस्त्र झुंजण्याच्या बिनोट या विद्येचीही दखल घेतली गेली. परंतु विरोध करणारा जोडीदार आमच्याकडे खऱ्या अर्थाने कुस्तीच्या मातीतच उरला, आणि ती माती मुलींना फार उशिरा मिळाली; महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत 2023मध्ये झाली, यावरून काय ते समजावे.

शासनाच्या समग्र शिक्षा योजनेतून शाळांमध्ये मुलींसाठी तीन महिन्यांचे आत्मरक्षण प्रशिक्षण देण्याची तजवीज आहे. त्यात कराटे असो वा लाठी, रांगेत उभे राहून हवेत शंभर ठोसे मारण्यापेक्षा, जोर लावून धरलेला हात दहा वेळा सोडवणे अधिक मोलाचे, हे मुलींना लगेच कळते. संचलनाची हौस असलेल्या मोठ्या माणसांना ते उशिरा कळते.

जुन्या वस्तादांकडे आणखी एक गोष्ट होती. पुण्याच्या गंज पेठेतील लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. पुढे 1856च्या सुमारास त्यांना ठार मारण्यासाठी रात्री दोन मारेकरी घरात शिरले, तेव्हा ते त्यांच्याशी बोलले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मारेकऱ्यांनी हत्यारे खाली ठेवली आणि दोघेही पुढे त्यांचे अनुयायी झाले. हा सारा तालमीचाच परिणाम, असे मी म्हणणार नाही, कारण जोतीरावांचे मन कोणत्याच तालमीत मावणारे नव्हते. परंतु अंगात बळ असलेल्याचा आवाज अशा वेळी कापत नाही, हे कोणताही वस्ताद सांगेल.

कायद्याचा शिरस्ताही या संयमाशी जुळणारा आहे. 1 जुलै 2024पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी संरक्षणाचा हक्क कलम 34पासून 44पर्यंत सांगितला आहे, आणि बचावाला आवश्यक तेवढ्यापेक्षा अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही. हात सुटला, वाट मोकळी झाली, की पळावे. पळता येत असताना उलटून मारीत बसणे हे संरक्षण उरत नाही. वस्ताद हे कलमांच्या भाषेत सांगत नव्हते. शेवटी त्यांनी काठ्या परत दिल्या, एकीला ‘‘धर मला’’ म्हणाले, तिने धरले, त्यांनी हात सोडवला आणि तो सत्तरीचा माणूस चक्क मैदानाच्या फाटकापर्यंत धावत गेला. मुली हसू लागल्या. फाटकापाशी धापा टाकीत ते ओरडले, ‘‘हसता काय? हा शेवटचा डाव. या आता एकेक.’’

अंधार पडेपर्यंत मुली एकमेकींचे हात धरून, सोडवून, फाटकाकडे पळत होत्या. काठ्या भिंतीशी उभ्या होत्या.