डाव्या हातातला चौथा वादक

1980च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनहून जॅझची एक एलपी बाजारात आली. नाव 'कॅटलॉग'. मैफल झाली होती 1979मध्ये, पूर्व जर्मनीत. कव्हरवर एक सूचना होती : या टेप प्रसिद्ध करण्याची कोणतीही जबाबदारी वादकांवर नाही. तबकडीवर वाजवणाऱ्यांनीच तबकडीशी आपला संबंध नाही असं म्हणावं, हे विचित्रच. पण ती ओळ त्यांच्या बचावासाठी होती. सोव्हिएत कलाकाराचं वादन परदेशात छापायचं तर सरकारी खात्यांची परवानगी लागे आणि ही टेप त्या वाटेने आलेलीच नव्हती. ती छापली लिओ फेगिन यांनी. मूळचे लेनिनग्राडचे, लंडनला स्थायिक झालेले फेगिन बीबीसीच्या रशियन सेवेवर अलेक्सेई लिओनिदोव या नावाने जॅझचे कार्यक्रम करत. 1979मध्ये त्यांनी स्वतःची छोटीशी कंपनी काढली, 'लिओ रेकॉर्ड्स'.

टेपवरचे तिघे म्हणजे गानेलिन त्रयी. पियानोवादक आणि रचनाकार व्याचेस्लाव गानेलिन यांचा जन्म 1944चा, मॉस्कोजवळच्या क्रास्कोवोचा. वाढले आणि शिकले मात्र तेव्हा सोव्हिएत संघात असलेल्या लिथुआनियात, विल्न्यूसला. तिथल्याच 'नेरिंगा' कॅफेत ड्रमवादक व्लादिमीर तारासोव यांच्याबरोबर ते वाजवू लागले. 1971मध्ये स्वेर्दलोव्स्कचे सॅक्सोफोनवादक व्लादिमीर चेकासिन येऊन मिळाले. मॉस्कोपासून दूर, बाल्टिक प्रदेशातल्या त्या शहरात नव्या कलेला राजधानीपेक्षा जरा मोकळी हवा होती.

आता खरी गंमत ऐका. जॅझमध्ये पियानोच्या मागे बहुधा डबल बास असतो. खर्जातला प्रत्येक स्वर जागच्या जागी ठेवून तो बाकीच्यांना पायाखालची जमीन देतो. या त्रयीत बासवादक नाही, तरी रेकॉर्डिंगमध्ये बास स्पष्ट ऐकू येतो! गानेलिन यांच्याजवळ 'बॅसेट' नावाचं एक छोटं इलेक्ट्रिक कळवाद्य असे. त्यातून तारेच्या बाससारखा आवाज निघे. डावा हात त्याच्यावर, उजवा पियानोवर. हेडफोन लावून नुसत्या खर्जाच्या मागे जा. तो हट्टाने एकाच वळणावर फिरत राहतो, वर पियानो त्याच्याशी भांडतो, त्याला चुकवतो, मध्येच गप्प होतो. ही दोन माणसांची झटापट आहे अशी खात्री पटते. ती एकाच माणसाच्या दोन हातांतली आहे हे कळल्यावर तोच तुकडा मी पुन्हा लावला, आणि तरीही कानांना ते पटेना.

बाकीचे दोघेही एका वाद्यावर थांबत नाहीत. चेकासिन दोन सॅक्सोफोन एकदम तोंडात धरून वाजवतात, मग क्लॅरिनेट उचलतात. तारासोव ताल धरतात तितकंच रंगही भरतात. झांजेच्या कडेवरचा एक बारीक स्पर्शसुद्धा त्यांच्याकडे वाक्य होऊन येतो.

पहिल्यांदा ऐकताना हा नुसता गोंधळ वाटण्याची शक्यता आहे. किंचाळणारा सॅक्सोफोन, त्याच्या पाठोपाठ एकदम लष्करी कवायतीची चाल, मग जवळजवळ शांतता. पण हे मनाला येईल तसं केलेलं नाही. गानेलिन शिकलेले रचनाकार होते. विल्न्यूसच्या रशियन नाट्यगृहाचे ते संगीत दिग्दर्शक होते आणि मोठा प्रसंग कसा उभारायचा हे त्यांना पक्कं माहीत होतं. या त्रयीचा कार्यक्रम म्हणजे न थांबता चालणारी एक लांबलचक रचना. मुक्कामाची ठिकाणं आधी ठरलेली, एका मुक्कामावरून दुसऱ्यावर कसं जायचं ते त्या त्या रात्री ठरायचं. माझ्या मते या ध्वनिमुद्रणांची थोरवी इथेच आहे. स्वैरपणा आणि शिस्त इतक्या घट्ट एकमेकांत विणलेली फार थोड्या ठिकाणी ऐकू येतात.

रचनांच्या नावांतही रचनाकारच दिसतो : 'कॉन आनिमा', 'पोको-अ-पोको', 'नॉन त्रोप्पो'. स्वरलिपीत वादकाला दिल्या जाणाऱ्या या इटालियन सूचना. यांतली 'कॉन आनिमा' तर खुद्द सोव्हिएत सरकारच्या 'मेलोदिया' कंपनीने काढली. म्हणजे देशात याच संगीताची अधिकृत एलपी विकली जात होती आणि परदेशात त्याच वादकांची टेप जबाबदारी झटकून छापावी लागत होती.

लांबलचक रचना झाली की त्रयी छोटासा तुकडा वाजवी, श्रोत्यांच्या आग्रहाखातर. त्यातला एक होता 'मॅक द नाइफ'. कुर्त वाइल यांचं हे गाणं ब्रेख्त यांच्या 'थ्रीपेनी ऑपेरा'तलं, म्हणजे पुलंनी ज्याचा 'तीन पैशाचा तमाशा' केला त्याच नाटकातलं. इतक्या वादळानंतर ती ओळखीची चाल येते तेव्हा श्रोते सुटकेचा श्वास घेतात, आणि तेवढ्यात हे तिघे तिचेही सांधे खिळखिळे करायला लागतात.

याच गानेलिन यांनी 1974च्या 'सैतानाची नवरी' या लिथुआनियन संगीतमय चित्रपटाचं संगीत केलं आहे. तिथे मात्र गाणी थेट ओठांवर बसणारी, आणि लिथुआनियात चित्रपट आजही लाडका. कॅसेटच्या दोन बाजूंना दोन वेगळी माणसं असावीत इतकं अंतर, पण नाट्याची नस एकच.

1984मध्ये त्रयी ब्रिटनला गेली, 1986मध्ये अमेरिकेला. 1987मध्ये गानेलिन इस्रायलला स्थलांतरित झाले आणि त्रयी संपली. पंधरा वर्षांनी, 2002च्या फ्रँकफर्ट पुस्तक मेळ्यात लिथुआनिया सन्माननीय पाहुणा देश असताना, तिघे पुन्हा एका मंचावर आले. त्या मैफिलीचंही ध्वनिमुद्रण लिओ रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केलं.

नव्या श्रोत्याच्या हाती मी मात्र आधी 1980चं 'अँकोरा दा कापो' देईन. एलपीच्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटंच मावत, म्हणून त्याचे दोन भाग दोन वेगळ्या एलपींवर आले. दोन्ही एकाच बैठकीत ऐकावेत, मधे चहाला न उठता.