दो-ख्यी : तिबेटच्या पठारावरील राखणदार

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या वसतिगृहाचा एक माजी विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला. नोकरीत तो आता स्थिरावला आहे. गावाकडे शेतात त्याने टुमदार घर बांधले आहे. त्या घराच्या राखणीसाठी 'तिबेटी मॅस्टिफ' जातीचे पिल्लू घ्यावे, असा त्याचा विचार होता. विक्रेत्याने पाठविलेली चित्रफीत त्याने मोबाइलवर आम्हांस दाखविली. सिंहासारखी आयाळ असलेला एक प्रचंड काळा कुत्रा साखळीला हिसके देत होता. हा कुत्रा भगवान बुद्धांच्या सोबत असे, चंगीझखानाच्या सैन्यातही तो होता, मालकासाठी तो प्राण देतो, अशी त्याची कीर्ती विक्रेत्याने सांगितली होती. "सर, घ्यावे का?" एवढाच त्याचा प्रश्न होता. त्याला उत्तर देण्यासाठी आम्हांस बरेच वाचावे लागले, जाणकारांना विचारावे लागले. ते सारे त्याच्यासारख्या इतरांच्याही उपयोगी पडावे म्हणून येथे मांडीत आहोत.

प्रथम विक्रेत्याच्या त्या कथेविषयी. भगवान बुद्धांची चारिका गंगेच्या खोऱ्यात झाली. श्रावस्ती, वैशाली, राजगृह, कौशांबी ही त्यांची गावे. तिबेटी पठारावरील कुत्रा त्यांच्यासोबत असल्याचा कोणताही आधार पाली वाङ्मयात नाही. कुत्र्याची गोष्ट मात्र तेथे आहे आणि ती या विषयाशी अगदीच असंबद्ध नाही. कुक्कुर जातकात राजवाड्यातील उच्च कुळीचे कुत्रे रथाचे चामडे कुरतडतात आणि राजा शिक्षा फर्मावतो ती नगरातील बेवारस कुत्र्यांना. महालातील कुत्र्यांवर संशयसुद्धा घेतला जात नाही. तेव्हा स्मशानात राहणारा बोधिसत्त्व कुत्रा राजसभेत येतो आणि खरे दोषी कोण ते दाखवून देतो. जातिवंतपणाची भुरळ माणसाला किती जुन्या काळापासून आहे, हे त्यावरून ध्यानात यावे.

आता मूळ विषयाकडे वळू. तिबेटी लोक या कुत्र्याला 'दो-ख्यी' म्हणतात. 'ख्यी' म्हणजे कुत्रा, आणि पूर्ण शब्दाचा अर्थ 'बांधून ठेवावयाचा कुत्रा'. नेपाळात त्याला 'भोटे कुकुर' म्हणतात. 'मॅस्टिफ' हे नाव त्याला इंग्रजांनी दिले. १८४७ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड हार्डिंज यांनी तिबेटातील एक मोठा कुत्रा व्हिक्टोरिया राणीला भेट म्हणून धाडला. पुढे १८७३ मध्ये इंग्लंडात केनेल क्लब स्थापन झाल्यावर 'तिबेटी मॅस्टिफ' हेच नाव रूढ झाले. युरोपातील मॅस्टिफ कुळाशी त्याचे नाते जोडणे अनेक जाणकारांना मान्य नाही. तो डोंगरी राखणदार कुत्रा आहे, असे म्हणणेच अधिक योग्य होईल. त्याच्या किती तरी आधी, तेराव्या शतकात, मार्को पोलोने तिबेटचे कुत्रे गाढवाएवढे असतात असे लिहून ठेवले आहे. प्रवाशांची ही सवय जुनीच. प्रत्यक्षात नराची उंची खांद्यापाशी किमान ६६ सेंटिमीटर व मादीची ६१ सेंटिमीटर असावी, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. नराचे वजन साधारण ४० ते ७० किलोग्रॅम भरते. मानेभोवतीच्या दाट केसांमुळे तो आहे त्याहून मोठा भासतो, एवढेच. काळा, काळा-तांबूस, निळसर करडा आणि सोनेरी हे त्याचे रंग होत.

हा कुत्रा समजून घ्यावयाचा तर तो ज्या भूमीत घडला ती आधी डोळ्यांपुढे आणावी लागते. तिबेटी पठाराची सरासरी उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ४५०० मीटर. तेथील हवेत प्राणवायू येथल्या तुलनेने जेमतेम ६० टक्के मिळतो. झाड औषधालाही नाही. याकच्या केसांचे काळे तंबू ठोकून राहणारे पशुपालक, त्यांचे याक आणि मेंढ्या, आणि भोवती मैलोगणिक मोकळे रान. लांडगा, हिमबिबट्या, अस्वल आणि चोर यांच्यापासून राखण करावयाची ती रात्री. पुरुषमाणसे कळप घेऊन वरच्या कुरणात गेली, की तंबूत बायका, मुले आणि म्हातारी माणसे राहात. त्यांची सारी भिस्त या कुत्र्यावर असे. दिवसा त्याला मेखेला बांधून ठेवीत आणि अंधार पडला की सोडीत. मठांच्या दारीही तो असाच बांधलेला असे. मठांत आणि घरांत वावरणारा लहानखुरा ल्हासा अप्सो आतून भुंकून सूचना देई आणि बाहेरचा दो-ख्यी पुढचे पाहून घेई, अशी ती कामाची वाटणी होती.

विरळ हवेत माणूस दोन पावले चालून धापा टाकतो, तेथे हा कुत्रा रात्रभर गस्त कशी घालतो, या प्रश्नाचे उत्तर अलीकडे मिळाले आहे. उंचावर गेलेल्या सामान्य प्राण्याच्या रक्तात तांबड्या पेशी वाढत जातात, रक्त दाट होते आणि हृदयावर ताण येतो. दो-ख्यीमध्ये हे होऊ न देणारे ईपीएएस-१ या जनुकाचे विशिष्ट रूप आढळते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने असे दाखविले, की हे रूप त्याला तिबेटी लांडग्यापासून संकराने मिळाले आहे. सखल प्रदेशातील कुत्रा माणसांबरोबर पठारावर चढला आणि तेथल्या लांडग्याशी झालेल्या संकरातून तेथे जगण्याची शक्ती त्याच्या पुढच्या पिढ्यांत आली. याहून नवल असे, की तिबेटी माणसांतही याच जनुकाचे एक खास रूप आहे आणि ते डेनिसोव्हन या लुप्त मानवगटाकडून आल्याचे २०१४ मध्ये दिसून आले. लांडग्याशी लढण्यासाठी पाळलेल्या कुत्र्याला लांडग्याचेच रक्त उपयोगी पडले, ही गोष्ट आमच्या मनातून अद्याप जात नाही.

शरीराच्या इतर गोष्टीही त्या हवेला जुळणाऱ्या आहेत. आत मऊ लोकर आणि वर राठ केस, असे त्याचे दुहेरी आवरण असते. आतली लोकर वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडी, झडते. बहुतेक जातींची कुत्री वर्षातून दोनदा माजावर येते. ही मात्र लांडगीप्रमाणे एकदाच, बहुधा शरद ऋतूत, आणि पिल्ले हिवाळ्यात जन्मतात. वाढ सावकाश होते. मादीला पूर्ण वाढीस दोन-तीन वर्षे लागतात, तर नराला चार. म्हणजे दीड वर्षाचा अवाढव्य दिसणारा कुत्रा मनाने अजून पोरच असतो, हे घेणाऱ्याने विसरू नये.

आता स्वभाव, आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. 'इमानी' म्हटले की आपल्यापुढे हाक मारताच धावत येणारा, 'बस' म्हणताच बसणारा, फेकलेली काठी आणून देणारा कुत्रा उभा राहतो. दो-ख्यी तसा नाही. त्याला शिकविता येत नाही असे नव्हे. सांगितलेले तो लवकर समजतो. पण समजल्यानंतर ते करावयाचे की नाही, हे तो स्वतः ठरवितो. मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्याला धन्याच्या शिट्टीकडे सतत कान लावून राहावे लागते, कारण त्याचे काम धन्यासमोर चालते. राखणदाराचे काम धनी झोपलेला असताना चालते. अंधारात लांडगा आला, तर विचारावयाचे कोणाला? शतकानुशतके ज्या कुत्र्याने स्वतः निर्णय घेतला त्याचीच पिल्ले राखली गेली. त्या निवडीतून आलेला हा हट्ट आहे. विक्रेते त्याला खोड म्हणून लपवितात, किंवा रुबाब म्हणून विकतात.

त्याचे इमान आज्ञेशी नाही. ते जागेशी आणि माणसांशी आहे. घरातील प्रत्येक माणूस, मूल, म्हातारी, दावणीचे जनावर हे त्याच्या मनाने त्याचेच असतात आणि त्यांच्याशी तो कमालीचा सौम्य वागतो. लाडीगोडी फारशी करीत नाही. मांडीवर डोके ठेवण्यापेक्षा दारात, जिथून सारे दिसेल अशा उंचवट्यावर, पडून राहणे त्याला आवडते. दिवसा आळशी वाटावा इतका झोपतो. दिवे मालवले की उठतो, चकरा मारतो आणि भुंकतो. त्याचे भुंकणे खोल, घुमणारे आणि दीर्घकाळ चालणारे असते. पठारावर ते भुंकणे म्हणजे 'मी जागा आहे' अशी सभोवारच्या रानाला दिलेली सूचना होय. दहा बिऱ्हाडांच्या इमारतीत तेच भुंकणे पहाटे दोन वाजता ऐकू आले, म्हणजे काय होईल ते सांगावयास नको.

अनोळखी माणसाविषयी तो सावध व अलिप्त असतो. पाहुणा आला, त्याला घरच्यांनी आत घेतले, तर तो सहन करतो. पण तो पाहुणा पुन्हा एकटा कुंपणाच्या आत शिरला, तर कालची ओळख कामास येईलच असे नाही. आम्हांस विशेष चिंतेची वाटते ती मुलांची गोष्ट. घरच्या मुलांवर याचा जीव असतो. शेजारची मुले खेळावयास आली, आरडाओरड झाली, कुणी कुणाला लटकेच ढकलले, तर कुत्र्याला ते 'आपल्या' मुलावरील आक्रमण वाटू शकते. पिल्लूपणापासून त्याला निरनिराळी माणसे, आवाज, जनावरे यांची सवय लावली, भक्कम कुंपण घातले आणि मोठ्या माणसाची नजर ठेवली, तर हा धोका पुष्कळ कमी होतो. साखळीला सतत जखडून, डिवचून 'तापट' केलेला कुत्रा हा राखणदार राहात नाही. तिबेटात दिवसा बांधीत हे खरे. पण रात्री त्याला सोडीत, त्याचे काम त्याला देत. आपल्याकडे त्यातला पहिला अर्धा भागच उचललेला दिसतो.

या कुत्र्याला धनिकांची हौस भोवली. चीनमध्ये २००० नंतरच्या वर्षांत तो प्रतिष्ठेचे चिन्ह झाला. २०१४ साली हांगचौ येथील प्रदर्शनात एक सोनेरी पिल्लू १ कोटी २० लाख युआनला, म्हणजे त्या वेळचे सुमारे १२ कोटी रुपयांना, विकले गेल्याचे वृत्त जगभर छापून आले. भाव वाढले तशी भेसळही वाढली. आयाळ दाट दिसावी म्हणून नाना प्रकार झाले. २०१३ मध्ये तर हनान प्रांतातील लुओहे येथल्या प्राणिबागेत 'आफ्रिकन सिंह' अशी पाटी लावलेल्या पिंजऱ्यातला प्राणी भुंकू लागला आणि प्रेक्षकांना कळले, की हा तिबेटी मॅस्टिफ आहे. हसू येण्यासारखी गोष्ट आहे, पण पुढचे हसण्यासारखे नाही. हौस दोन-तीन वर्षांत ओसरली, भाव कोसळले आणि पैदास करणाऱ्यांनी खाण्याचा खर्च परवडेना म्हणून कुत्री सोडून दिली. चिंघाई प्रांतात आणि तिबेटात बेवारस कुत्र्यांचे कळप फिरू लागले. माणसांना चावे, मेंढ्यांवर हल्ले, रोगांचा फैलाव हे सारे झाले. ज्या कळपांच्या रक्षणासाठी तो घडला, त्याच कळपांवर त्याची धाड पडू लागली. अनेक मठांच्या दारांत ही कुत्री येऊन बसली आणि भिक्खूंनी भाजलेल्या सातूच्या पिठाचे गोळे त्यांच्यापुढे टाकून त्यांना जगविले. त्यात कुत्र्याचा दोष कोणता होता, हे आम्हांस सांगता येत नाही.

आमच्या त्या विद्यार्थ्याला आम्ही 'घेऊ नकोस' असे सांगितले. त्याचे गाव मराठवाड्यात. मे महिन्यात तेथे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. बर्फात निजण्यासाठी बनलेले दुहेरी आवरण घेऊन त्या कुत्र्याने तेथे दिवस कसा काढावा? वातानुकूलित खोलीत ठेवला, तर राखण कशाची करणार? शिवाय तो स्वतः शहरात, घरी केवळ आईवडील. पन्नास-साठ किलोंचा, मनाचा राजा असलेला कुत्रा सत्तरीच्या वडिलांनी आवरावा ही अपेक्षा आम्हांस बरी वाटली नाही. या जातीत खुब्याच्या सांध्याचे आणि थायरॉइडचे विकार आढळतात, आयुष्य दहा-बारा वर्षांचे असते, हेही सांगितले. तो थोडा हिरमुसला. आमचे म्हणणे त्याने मानले की नाही, हे अद्याप कळलेले नाही.

अलीकडे आपले पुष्कळ माजी विद्यार्थी आणि पालक लडाखातील विहार पाहावयास जातात. त्यांच्यासाठी एक सूचना द्यावीशी वाटते. चांगथांग भागात पशुपालकांचे तंबू दिसले, तर छायाचित्र काढण्याच्या भरात सरळ तंबूकडे चालत जाऊ नये. दुरूनच थांबून हाक द्यावी. कुत्रा भुंकत आला, तर पळू नये, दगड उचलू नये, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहू नये. जागीच उभे राहावे आणि घरचे माणूस येईपर्यंत वाट पाहावी. चावा झालाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घ्यावी. तीन वर्षांपूर्वी आम्ही तेथे गेलो असता असाच एक झुबकेदार काळा कुत्रा आमच्यापासून वीस पावलांवर येऊन उभा ठाकला होता. तंबूतून एक वृद्ध बाई बाहेर आल्या. त्यांनी त्याला ओरडून काही सांगितले नाही. शांतपणे चालत आल्या, त्याच्या मानेभोवतीच्या लाल लोकरी पट्ट्यात हात घातला आणि आम्ही सर्व जण उतार उतरून गाडीत बसेपर्यंत त्या त्याच्याजवळ तशाच उभ्या राहिल्या.